हॅलोवीनला इमॅजिकाला निघालात? कोल्हापूरकरांनो, या चुका टाळा

ऑक्टोबर संपत आला की खोपोलीजवळच्या इमॅजिका थीम पार्कातला हॅलोवीनचा, म्हणजे भुताटकीचा कार्यक्रम बघायला कोल्हापुरातून गाड्या निघतात. कॉलेजच्या पोरांनी भुतांच्या मेकअपचे व्हिडिओ बघितलेले असतात, लहानांना भोपळ्याजवळ फोटो हवा असतो, आणि दरवर्षी चुका त्याच त्या होतात. त्यातली सगळ्यात महागडी चूक पार्काच्या दारातसुद्धा होत नाही. ती घरात, निघायची वेळ ठरवताना होते.

पहाटे निघून त्याच दिवशी परत यायचा हट्ट

चौदा जणांचा एक ग्रुप. टेम्पो ट्रॅव्हलर पहाटे पाचला ठरलेली. कुणाचा डबा राहिला, कुणाची अंघोळ, म्हणून सुटली पावणेसहाला. कराडला मिसळ आणि दोन-दोन चहा, त्यात पाऊण तास गेला. पुण्याच्या बायपासला वारजे ते वाकड नेमकी ऑफिसची गर्दी. पार्काच्या दारात पोचले तेव्हा साडेबारा वाजले होते. तिकिटं, बॅगांची तपासणी, लॉकर, बाथरूम यात सव्वा वाजला. मग भूक लागली. पहिल्या राइडच्या रांगेत उभे राहिले तेव्हा अडीच वाजून गेले होते. साडेपाचला ड्रायव्हरचा फोन आला, ‘साहेब, घाट उजेडात चढून जाऊ.’ सहाला सगळे गाडीत.

ऑक्टोबरअखेर आपल्याकडं सूर्य सहा-सव्वासहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे ज्यासाठी जाऊन-येऊन सव्वासहाशे किलोमीटरचा प्रवास, ते सुरू व्हायच्या वेळेला ही मंडळी पार्किंगमधून बाहेर पडत होती. त्यांनी काय बघितलं? भर उन्हात टांगलेले प्लास्टिकचे सापळे आणि नायलॉनची कोळिष्टकं. पोरं घरी येऊन म्हणाली, ‘काही विशेष नव्हतं.’ विशेष होतं, पण ते अंधारात होतं.

हॅलोवीनचा खेळ जगभर असाच आहे. कॅलिफोर्नियातल्या नॉट्स बेरी फार्मनं १९७३ साली हा प्रकार सुरू केला. फ्लोरिडाच्या युनिव्हर्सल स्टुडिओजनं १९९१ पासून तो पुढं नेला आणि तिथं तर रात्रीच्या कार्यक्रमाचं तिकीटच वेगळं असतं. कारण साधं आहे. धूर, रंगीत झोत, कोपऱ्यातून अंगावर येणारा नट, या तिन्हींना काळोख लागतो. दुपारी तोच नट समोर आला तर त्याच्या मेकअपखालचा घाम दिसतो.

म्हणून दिवस संध्याकाळपासून उलटा मोजा. भुताटकीचा भाग अंधार पडल्यावर, म्हणजे तुम्ही किमान आठपर्यंत आत हवेत. आठला बाहेर पडून साधारण ३१० किलोमीटर कोल्हापूर गाठायचं तर पहाटेचे तीन वाजतात. त्यामुळं मुक्काम हवाच. उत्तम म्हणजे आदल्या दिवशी जेवून दुपारी दोनला निघा. किणी, तासवडे, आनेवाडी, खेड शिवापूर हे टोल आणि एक चहा धरून रात्री नऊच्या आत लोणावळ्याला पोचता. पुण्यात पाव्हणे असले तर त्यांच्याकडं थांबा. सकाळी पार्क उघडायच्या अर्धा तास आधी दारात, रात्री बंद होईपर्यंत आत, आणि दुसरा मुक्काम खोपोली किंवा लोणावळ्यात. खर्चामुळं एकच रात्र परवडत असेल तर ती आधीची नको, नंतरची घ्या. तेव्हा मात्र पहाटे तीनला निघा आणि नाश्ता गाडीतच करा.

ड्रायव्हरलाही खोली द्या. दिवसभर ऑक्टोबरच्या उन्हात गाडीत पडून राहिलेला माणूस विश्रांती घेतलेला नसतो, तापलेला असतो. त्याच्याकडून रात्री खंबाटकी उतरवून घेणं म्हणजे खोलीचे हजार-दोन हजार वाचवायला चौदा जीव पणाला लावणं. यावर वाद घालणाऱ्यांशी बोलण्यात अर्थ नाही.

तारीख बघताना फक्त ३१ ऑक्टोबर बघणं

हॅलोवीन ३१ तारखेला असला तरी पार्कातला कार्यक्रम बहुधा आधीपासून सुरू होतो. नेमक्या तारखा आणि तिकिटात काय धरलंय ते बुकिंगच्या पानावर वाचूनच पैसे भरा. आपल्या पंचांगाकडंही बघा. २०२४ मध्ये ३१ ऑक्टोबरलाच नरक चतुर्दशी होती. ज्यांनी आधी कॅलेंडर उघडलं नाही त्यांच्या घरी अभ्यंगस्नान की भुतं, असं भांडण झालं. २०२६ मध्ये ३१ तारीख शनिवारी येते आणि लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, त्यामुळं गर्दी ठरलेलीच. आदल्या आठवड्यातला मंगळवार किंवा बुधवार पकडा. शाळेची एक रजा पडली तर पडू द्या.

लहान मुलाला कडेवर घेऊन भूतघरात शिरणं

ही तिसरी चूक आणि हिचा राग जास्त येतो, कारण हिची किंमत मोठा माणूस मोजत नाही.

नेहमीचं दृश्य असं: सहा-सात वर्षांचं पोरगं रांगेतच रडवेलं झालंय आणि मामा त्याला म्हणतोय, ‘कोल्हापूरचा वाघ आहेस की नाही?’ आत पहिल्या वळणापर्यंत ते सहन करतं. दुसऱ्या वळणावर झटके देणारा लाइट, कानाजवळ पत्र्याचा आवाज, आणि पोरगं ताठ होतं. रडतसुद्धा नाही. मग मामा घाबरतो, मागं वळतो आणि उलटा पळायला लागतो. भूतघरात सहा-आठ जणांची तुकडी अर्ध्या-एक मिनिटाच्या अंतरानं सोडलेली असते. म्हणजे मामा पोराला घेऊन काळोखात थेट मागून येणाऱ्या तुकडीच्या अंगावर जातो. कुणाचं तरी डोकं फुटायला तेवढं पुरतं.

उलटं कधीच फिरू नका. भूतघराच्या वाटेवर आडबाजूला बाहेर पडायची दारं ठेवलेली असतात आणि काळ्या कपड्यांतले कर्मचारी आसपास असतात. जागेवर थांबा, भिंतीला टेका, मोठ्यानं सांगा, ‘मूल आहे, बाहेर काढा.’ वेश घेतलेल्या नटालाच सांगितलं तरी चालतं.

पण ही वेळ येऊच नये म्हणून आधी परीक्षा घ्या. दुपारी पोराला सजावट उजेडात दाखवा, भिंतीला हात लावू द्या. संध्याकाळी मोकळ्या जागेत नट फिरत असतात तिथं लांबून दहा मिनिटं उभे राहा. पोरगं हसत पुढं गेलं तर आत न्या. पायाला मिठी मारली तर तिथंच विषय संपला. पार्कानं लिहिलेली वयाची अट ही किमान अट आहे, तुमच्या पोराची तयारी तिला कळत नाही. एकानं बाहेर पोराजवळ थांबायचं, बाकीच्यांनी जाऊन यायचं, मग अदलाबदल. कुणाचं काही बुडत नाही.

नेलंच, तर पोराला मधे ठेवा. पुढच्याला पहिला दचका बसतो आणि शेवटच्याच्या मागं नट लागतो. दमा असेल तर कृत्रिम धुराबद्दल, फीट येत असेल तर झटक्यांच्या लाइटबद्दल दारातच विचारा. गरोदर बायका आणि हृदयाचा त्रास असलेल्यांनी ना भूतघर, ना मोठी राइड.

आणखी एक. रांगेत शेवटच्या क्षणापर्यंत मोबाइल बघणारे आत जाऊन भिंतींना धडकतात. डोळ्यांना काळोखाची पूर्ण सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि स्क्रीनचा उजेड ती सवय मोडतो. फोन आधीच खिशात ठेवा. आत टॉर्च लावणारा स्वतःची मजा घालवतोच, वर मागच्या सात जणांचीही घालवतो. नटांना हात लावायचा नाही, ढकलायचं नाही. ते त्यांचं काम करत असतात.

रांगेचा हिशेब न करता उभं राहणं

आपल्या जत्रेत पैसे दिले की पाळण्यात बसायचं, ही सवय इथं उपयोगाची नाही. रांग लांब आहे की नाही हे तिच्या लांबीवरून कळत नाही. एका फेरीत किती बसतात आणि दोन फेऱ्यांमध्ये किती वेळ जातो ते मोजा. एका गाडीत २४ जण आणि दर तीन मिनिटांनी गाडी, म्हणजे तासाला ४८०. पुढं २४० माणसं असतील तर अर्धा तास. तीच २४० माणसं फेरीत १२ जणांच्या, चार मिनिटांच्या राइडला असतील तर ८० मिनिटं.

अंबाबाईच्या मंदिरात गर्दी असली की आपण मुखदर्शन घेतो आणि निघतो, तसंच इथं आधी ठरवा: कुठल्या तीन राइडना पूर्ण रांग लावायची आणि कुठल्या नुसत्या बघून पुढं जायचं. नायट्रोसारखे मोठे, उघड्यावरचे रोलर कोस्टर पहिल्या तासात उरका. बहुतेक लोक दारातून शिरल्यावर समोर दिसेल त्या पहिल्या राइडला थांबतात. तुम्ही सरळ आतल्या टोकाला जा. दुपारी बारा ते चार छताखालच्या राइड घ्या. परतीचा पाऊस रेंगाळला असेल तर दुपारनंतर विजा होतात, आणि विजा जवळ आल्या की उंच राइड थांबवतात. भूतघराला अंधार पडताक्षणी सगळे पळतात, तेव्हा जेवून घ्या. शेवटच्या तासाच्या सुरुवातीला जा. अगदी शेवटच्या पाच मिनिटांत मात्र रांग बंद झालेली असते.

जास्त पैशांचा जलद प्रवेश आठवड्याच्या मधल्या वारी घेऊ नका. शनिवारी-रविवारी एकदाच येणार असाल तर घ्या. एकानं रांगेत उभं राहायचं आणि मागून नऊ जण घुसवायचे, हा मात्र निव्वळ निर्लज्जपणा आहे. मागं उभ्या असलेल्या लोकांनीही तेवढेच पैसे भरलेले असतात.

बाकीच्या, थोडक्यात

मिसळ-कटावर कोस्टर नको. राइडच्या आधी दोन तास हलकं खा, केळं किंवा इडली. आतला कान एक सांगतो, डोळे दुसरं, म्हणून मळमळतं. त्यात तर्री ढवळून निघते. गोल फिरणारी राइड जेवणानंतर लगेच कधीच नाही. मळमळीची गोळी डॉक्टरला विचारून तास-दीड तास आधी घ्या. तिनं झोप येते, म्हणून गाडी चालवणाऱ्यानं ती घेऊ नये.

कोल्हापुरी चप्पल घालून जाऊ नका. पाय लोंबकळणाऱ्या राइडमध्ये ती हमखास उडते आणि पाण्याच्या राइडनं चामडं वाया जातं. मागं पट्टा असलेली सँडल किंवा लेसचे बूट घाला.

ओढणी, लांब झगा, गळ्यातली माळ राइडच्या आधी काढून ठेवा. मोठ्यांनी पूर्ण तोंड झाकणारे मुखवटे घालून जाऊ नये. बऱ्याच पार्कांत ते दारातच काढायला लावतात.

मुलांची उंची घरीच मोजा, बूट काढून. मोठ्या कोस्टरला साधारण १३० ते १४० सेंटिमीटर लागतात. दोन सेंटिमीटर कमी असले तरी कर्मचाऱ्याशी हुज्जत घालू नका. खांद्यावरची पकड त्या मापानं बनवलेली असते.

भडंग आणि धपाटे गाडीत ठेवा, बाहेरचं खाणं आत सोडत नाहीत. बाळाचं खाणं आणि औषधं वेगळ्या पिशवीत वरच ठेवा.

सकाळी दारातच पोरांचा एक पूर्ण फोटो काढा. रात्री गर्दीत हरवलं तर कपड्यांचा रंग आठवत बसावं लागत नाही. मनगटावर पेननं फोन नंबर लिहा आणि भेटायची जागा म्हणून भरपूर उजेड असलेलं एखादं ठिकाण ठरवा, भोपळ्याजवळ नको. भोपळे बारा ठिकाणी असतात.

आणि पार्किंगच्या रांगेचा नंबर. गाडी सकाळी उन्हात लावलेली असते, रात्री सगळ्या पांढऱ्या गाड्या सारख्याच दिसतात. उतरल्या उतरल्या खांबाचा फोटो काढा आणि तो ग्रुपवर टाका.