वेड्यावाकड्या शेताचे क्षेत्र त्रिकोण पाडून कसे काढावे

मराठवाड्यात चारही कोपरे काटकोनात असलेले शेत क्वचितच सापडते. एका अंगाला ओढा, दुसऱ्या अंगाला पाणंद आणि तिसरीकडे वाटणीत तिरपा पडलेला धुरा, म्हणजे बांध, असतो. अशा रानाचे क्षेत्र काढण्याची एक रीत गावोगाव चालते: समोरासमोरच्या दोन बाजूंची सरासरी काढायची, उरलेल्या दोन बाजूंचीही काढायची आणि दोन्ही सरासऱ्यांचा गुणाकार करायचा. ही रीत सोपी असली, तरी शेत आयताकृती नसेल तर तिने येणारा आकडा खऱ्या क्षेत्रापेक्षा नेहमी जास्तच निघतो. आणि भावाभावांची वाटणी असो की सोयाबीनची काढणी एकरी गुत्त्याने दिलेली असो, तो जास्तीचा आकडा कोणाच्या तरी अंगावर पडतोच. खरे क्षेत्र काढण्यासाठी लांब टेप, काही खुंट्या, दोरी आणि मोबाइलमधला कॅल्क्युलेटर एवढे पुरते, फक्त शेताचे त्रिकोण पाडावे लागतात.

त्रिकोणच का, हे हाताने पाहता येते. चार लाकडी पट्ट्या टोकांना एकेक खिळा ठोकून जोडाव्यात आणि ती चौकट कोपऱ्यात धरून ढकलावी. पट्ट्यांची लांबी तीच राहते, पण चौकट तिरपी होत जाते आणि तिच्या आतली जागा कमी होत जाते. तीन पट्ट्यांचा त्रिकोण मात्र कितीही जोर लावला तरी आकार बदलत नाही, कारण तीन बाजू ठरल्या की त्याचे कोन आणि क्षेत्रफळही ठरून जाते. पत्र्याच्या शेडची कैची त्रिकोणांची असते आणि लोखंडी फाटकाला तिरपी पट्टी जोडलेली असते, ती याच कारणाने. शेताच्या चार बाजू कितीही काटेकोर मोजल्या तरी त्यांवरून क्षेत्र ठरत नाही. एक कर्ण मोजावाच लागतो. भास्कराचार्यांना हा मुद्दा इतका महत्त्वाचा वाटला की, ११५० च्या सुमारास लिहिलेल्या ‘लीलावती’त त्यांनी लंब किंवा कर्ण न सांगता चौकोनाचे क्षेत्रफळ विचारणाऱ्याला चक्क पिशाच म्हटले आहे.

मोजणीसाठी रान मोकळे असावे. कापूस किंवा तूर उभी असताना टेप सरळ जात नाही, म्हणून रब्बीची काढणी झाल्यानंतरचे दिवस उत्तम. प्रत्येक कोपऱ्यावर, धुऱ्याच्या मधोमध, खुंटी ठोकून तिला अ, ब, क, ड अशी नावे द्यावीत आणि कागदावर कच्चा आराखडा काढावा. कर्ण सहसा टेपपेक्षा लांब असतो. अशा वेळी दोन्ही टोकांना उंच काठ्या रोवाव्यात. एकाने अ पाशी उभे राहून क कडे पाहावे आणि मधल्या खुंट्या त्याच रेषेत येतील असे दुसऱ्याला हाताने सांगत जावे. टेप ताणून आडवा धरावा. बालाघाटाच्या उतारावरची शेते मोजताना हे फार सांभाळावे लागते, कारण कागदावरचे क्षेत्र सपाटीचे असते आणि उतारावर टाकलेला टेप जास्त अंतर दाखवतो. तेथे थोडे थोडे अंतर घेऊन, टेपचे वरचे टोक जमिनीला टेकवून आणि खालच्या टोकापासून ओळंबा सोडून पायरी-पायरीने उतरावे.

समजा अब ७० मीटर, बक ६५, कड ५१, डअ ८४ आणि अक हा कर्ण ७५ मीटर भरला. पहिल्या त्रिकोणाच्या बाजू ७०, ६५ आणि ७५. त्यांची बेरीज २१०, म्हणून अर्धपरिमिती १०५. तीतून एकेक बाजू वजा केल्यावर ३५, ४० आणि ३० उरतात. १०५, ३५, ४० आणि ३० यांचा गुणाकार ४४,१०,००० येतो आणि त्याचे वर्गमूळ २,१०० चौरस मीटर, हेच त्या त्रिकोणाचे क्षेत्रफळ. हे सूत्र अलेक्झांड्रियाच्या हेरनच्या नावाने शाळेत शिकवले जाते. दुसऱ्या त्रिकोणाच्या बाजू ७५, ५१ आणि ८४. अर्धपरिमिती पुन्हा १०५, उरलेले आकडे ३०, ५४ आणि २१, गुणाकार ३५,७२,१०० आणि वर्गमूळ १,८९०. दोन्ही मिळून ३,९९० चौरस मीटर. आता याच शेताला सरासरीची रीत लावली तर ६०.५ गुणिले ७४.५, म्हणजे सुमारे ४,५०७ चौरस मीटर येतात. फरक ५१७ चौरस मीटरचा, म्हणजे पाच गुंठ्यांहून अधिक आहे.

पडताळ्यासाठी दुसरा कर्ण, बड, मोजावा. या शेतात तो सुमारे १०९.३ मीटर भरला पाहिजे आणि त्यावरून पडणाऱ्या दोन त्रिकोणांची बेरीज तीच यायला हवी. मात्र मुख्य हिशेब कोणत्या कर्णावर करायचा, हे विचारपूर्वक ठरवावे. बकड हा त्रिकोण चपटा आहे, त्यामुळे बड मोजताना अर्धा मीटर जास्त धरला गेला तर त्याचे क्षेत्र सुमारे ३४ चौरस मीटरने चुकते. अक मध्ये तेवढीच चूक झाली तर अबक आठ चौरस मीटरही हलत नाही. शक्य तेवढे भरीव, तिन्ही कोन मध्यम असलेले त्रिकोण पाडावेत. विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ मध्ये सुरू केलेला भारताचा त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा प्रचंड उद्योगही सुडौल त्रिकोणांच्या साखळीवरच उभा होता: एक आधाररेषा काटेकोर मोजायची आणि पुढे केवळ कोन मोजत शेकडो मैल जायचे. मद्रासकडून निघालेले हे काम लातूर-नांदेडला लागून असलेल्या बीदर भागातून उत्तरेकडे सरकले आणि १८२३ मध्ये लॅम्बटन यांचा मृत्यू हिंगणघाट येथे झाला.

कर्णाच्या वाटेत विहीर आली तरी अडत नाही. विहिरीच्या अलीकडे आणि पलीकडे कर्णावरच प आणि फ या खुंट्या ठोकाव्यात आणि बाजूला, दोन्ही दिसतील अशी म ही जागा निवडावी. प पासून म पर्यंतचे अंतर मोजून तेवढेच सरळ पुढे जावे. फ पासून निघूनही तसेच करावे. जी दोन नवी टोके मिळतात त्यांच्यातील अंतर पफ इतकेच असते, कारण म च्या दोन्ही अंगांचे त्रिकोण एकरूप असतात.

ओढ्याकडची बाजू वळणाची असेल तर तिच्या दोन टोकांमध्ये सरळ दोरी ताणावी, दोरीपर्यंतचे क्षेत्र त्रिकोणांनी काढावे आणि दर १० मीटरवर दोरीपासून काठापर्यंतचे लंब अंतर मोजावे. लगतच्या दोन लंबांची सरासरी गुणिले १० हे त्या पट्टीचे क्षेत्र होय. लंब खरोखर लंब हवा. त्यासाठी ३, ४ आणि ५ मीटर बाजूंचा दोरीचा त्रिकोण पुरेसा आहे, आणि घराचा पाया आखताना गवंडीही काटकोन असाच काढतात.

एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १,०८९ चौरस फूट किंवा सुमारे १०१.१७ चौरस मीटर. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. आर मात्र नेमका १०० चौरस मीटरचा असतो आणि १०० आरचा एक हेक्टर होतो. आपले ३,९९० चौरस मीटरचे शेत ३९.९० आर किंवा जवळजवळ साडेएकोणचाळीस गुंठे भरते. सातबाऱ्याशी ताडून पाहताना पोटखराब, म्हणजे लागवडीस अयोग्य, क्षेत्रही धरावे, कारण लागवडीयोग्य क्षेत्रापुढे ते वेगळे लिहिलेले असते आणि नेमके तेच विसरल्याने अनेकदा जमीन वाढल्याचा भास होतो.

या मोजणीवरून धुरा सरकवू नये. हद्द ठरवण्याचा अधिकार भूमी अभिलेख खात्याचा आहे आणि वाद असेल तर तालुक्याच्या कार्यालयात रीतसर मोजणीचा अर्ज करावा. आपला आराखडा, त्यावरील सर्व बाजू व दोन्ही कर्णांसह, जपून ठेवावा. मोजणीच्या दिवशी नेमक्या कोणत्या कोपऱ्याबद्दल शंका आहे, हे भूकरमापकाला त्यावर बोट ठेवून दाखवता येते.