जुन्या अँबेसेडरचे टॅपेट कसे सेट करावेत

टॅपेट सेट करणं म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली बारीक मोकळी जागा, म्हणजे गॅप, ठरवणं. टॅपेट वाजायला लागले की कुणीतरी सांगतंच, "इंजिन चालू ठेवा आणि कानाने सेट करा." ऐकू नका. दुसरा सल्ला त्याहून घातक: "जरा टाइटच ठेवा, आवाज बंद होईल." एक्झॉस्ट व्हॉल्व्ह त्याच्या बैठकीवर, म्हणजे सीटवर, टेकलेला असतो तेव्हाच त्याची बरीचशी उष्णता इंजिनाच्या वरच्या भागात, हेडमध्ये, उतरते. गॅप कमी पडली की तो नीट बसत नाही, फटीतून जळता गॅस निसटतो आणि व्हॉल्व्हची कड जळते. हेड उतरवण्यापेक्षा थोडी टकटक परवडली.

हे सगळं जुन्या १४८९ सीसी पेट्रोल इंजिनाबद्दल आहे. नंतरच्या अँबेसेडरमधल्या इसुझू इंजिनाला लावू नका. आठही व्हॉल्व्हना गॅप एकच, ०.०१५ इंच म्हणजे ०.३८ मिलिमीटर, आणि तीही थंड इंजिनावर. गाडी रात्रभर उभी राहू द्या.

प्लग काढा, रॉकर कव्हर उतरवा. रॉकर शाफ्टच्या नटांना हात लावू नका, त्यातले चार हेडही धरून ठेवतात.

आता हँडलने इंजिन फिरवा आणि नऊचा हिशेब धरा. आठवा व्हॉल्व्ह पूर्ण दाबला गेला की पहिला सेट करायचा, सहावा दाबला की तिसरा, चौथा दाबला की पाचवा. दोघांची बेरीज नेहमी नऊ. रेडिएटरकडून मोजा नाहीतर मागून, फरक पडत नाही.

गॅप रॉकरवरच्या स्क्रूने बदलते आणि चेकनट तो स्क्रू जागेवर धरून ठेवतो. खरी गोम या चेकनटात आहे. गॅप मोजायची पाती (फीलर गेज) अगदी हवी तशी सरकत असते, तुम्ही चेकनट आवळता आणि त्याच्याबरोबर स्क्रूही किंचित फिरतो. मला हे जमायला बराच वेळ लागला. स्क्रू ड्रायव्हर खाचेत घट्ट दाबून धरा, मनगट हलू देऊ नका आणि रिंग पाना दुसऱ्या हाताने ओढा. मग पाती काढून पुन्हा घाला. आवळण्याआधीचं माप धरायचंच नाही, आवळल्यानंतरचं तेवढं खरं. "हलकी अडकली पाहिजे" यावर विसंबू नका, प्रत्येकाचा हात वेगळा. ०.०१४ ची पाती सहज जावी, ०.०१६ ची जाऊ नये. दोन्ही जात असतील किंवा दोन्ही अडत असतील तर चेकनट सोडा आणि पुन्हा करा, कंटाळा करू नका.

कॉर्कचं पॅकिंग नवं टाका. कव्हरचे नट बेताने आवळा, पत्रा वाकला की तेल गळतं.

एवढं करूनही एखादाच रॉकर वाजत राहिला तर त्याच्या टोकाचा व्हॉल्व्हवर टेकणारा भाग बोटाने चाचपा. तिथे खड्डा पडला असेल तर पाती खड्ड्याच्या दोन कडांवर टेकते. माप बरोबर दिसतं, खरी गॅप मात्र जास्त असते. अशा वेळी स्क्रू आणखी पिळू नका, रॉकर बदला.