स्क्रिप्ट चालत नाही? आधी सांगा, कुठवर पोचली

बीएस्सी झाल्या झाल्या मी रत्नागिरीत, वाशीला आंबा पाठवणाऱ्या एका पेढीवर कामाला लागलो. पाठवलेल्या पेट्या आणि बाजारातून आलेल्या पट्ट्या, म्हणजे विक्रीचे हिशोब, यांचा मेळ घालायला एक बॅश स्क्रिप्ट लिहिली, म्हणजे लिनक्सवरच्या बॅश या प्रोग्रॅमने ओळीने चालवायच्या कमांडांची फाइल. लिहिली घरच्या विंडोज लॅपटॉपवर, जुन्या नोटपॅडमध्ये, आणि पेनड्राइव्हवरून पेढीच्या लिनक्स मशीनवर आणली. एप्रिलचा मध्य, बाहेर ट्रक भरतोय आणि स्क्रीनवर ओळ आली, 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी'.

फाइल तर डोळ्यांसमोर होती. फाइलींची यादी दाखवणारी एलएस कमांड मारली की नाव दिसायचं. मी नाव बदललं, फोल्डर बदललं, मशीन बंद करून परत चालू केलं. रात्री 11 वाजता हिशोबाचे काका मागे येऊन उभे राहिले. "मेल्या, कुठची फाइल मिळत नाही म्हणतंय ते तरी वाचलंस काय?"

काकांना कॉम्प्युटरातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण प्रश्न नेमका होता. मी पूर्ण ओळ पहिल्यांदाच वाचली. माझ्या फाइलच्या नावापुढे बॅशचा पत्ता होता आणि त्याला चिकटून एक टोपीवाला एम, ^M. हरवलेली फाइल माझी नव्हतीच, बॅशची होती!

झालं होतं असं. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत #! नंतर जो पत्ता असतो, तो वाचून लिनक्स ठरवतं की ही फाइल कोणाच्या हातात द्यायची. विंडोज ओळ संपवताना 13 आणि 10 अशी दोन अदृश्य अक्षरं टाकतं, लिनक्सला फक्त 10 लागतं. उरलेलं 13 बॅशच्या नावाला चिकटलं आणि त्या नावाचा प्रोग्रॅम जगात कुठेच नाही. फाइल दाखवणाऱ्या कॅट कमांडला हायफन कॅपिटल ए लावून अदृश्य अक्षरांसकट फाइल पाहिली तर प्रत्येक ओळीच्या शेवटी तोच टोपीवाला. ते 13 काढून टाकणारं डॉसटूयुनिक्स मारलं, क्षणात काम झालं. मेळ लागायला मात्र पहाट उजाडली, ते दुःख वेगळं.

आता नवीन पोरं 'दादा, स्क्रिप्ट चालत नाय' म्हणत येतात, तेव्हा मी एसटी स्टँड डोळ्यांपुढे आणायला सांगतो. 'कमांड नॉट फाउंड', कमांड संपताना मिळणारा कोड 127, म्हणजे गाडी फलाटाला लागलेलीच नाही. शेल, म्हणजे कमांड चालवणारा बॅशसारखा प्रोग्रॅम, फक्त पाथ नावाच्या यादीतल्या फोल्डरांत शोधतं आणि तुम्ही उभे आहात ते फोल्डर त्यात सहसा नसतं, म्हणून नावाआधी ./ लावायचं. 'परमिशन डिनाइड', कोड 126, म्हणजे गाडी उभी आहे, सुटायची परवानगी नाही. चालवायची परवानगी देणारं सीएचमॉड प्लस एक्स करा. फाइल पेनड्राइव्हवरच असेल तर आधी घरच्या फोल्डरात घ्या, कारण पेनड्राइव्हच्या फॅट प्रकारात या परवानग्या साठवल्याच जात नाहीत. आणि एररमध्ये 'लाइन 14' असं काही दिसलं तर गाडी सुटून रत्नागिरीबाहेरच्या हातखंब्यापर्यंत पोचलीय, बिघाड तुमच्या कोडात आहे. तिथे ॲडमिनचा अधिकार देणारं सुडो लावून किंवा सगळ्यांना सगळ्या परवानग्या देणारं 777 देऊन काही होत नाही, तरी दर दुसरा माणूस तेच करतो.

विंडोजवर तिथलं शेल, पॉवरशेल, 'स्क्रिप्ट्स डिसेबल्ड' म्हणालं तर घाबरू नका, साध्या विंडोजवर मुळातच ती बंदी असते. स्क्रिप्ट चालवण्याचं धोरण फक्त आपल्या युजरपुरतं रिमोटसाइन्ड करा. पायथन टाइप केल्यावर मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडलं, तर बहुधा पायथन बसवलेलंच नसतं.

स्क्रिप्ट हाताने चालते आणि रात्री क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणाऱ्या लिनक्सच्या सोयीत, चालत नाही, हे दुखणं सगळ्यात चिवट. क्रॉनचा पाथ तोकडा असतो आणि तुमची बॅशआरसी, म्हणजे बॅशच्या तुमच्या सेटिंगांची फाइल, तो वाचत नाही. प्रत्येक कमांडचा पूर्ण पत्ता लिहा आणि आउटपुट एररसकट लॉगमध्ये वळवा. मी लॉग ठेवायला लागलो तो आठवडाभर मेळ चुकल्यावर. पहिल्या रात्री त्यात एवढंच आलं, 'पट्टी, कमांड नॉट फाउंड'. पट्टी ही माझीच छोटी कमांड, माझ्याच बिन फोल्डरात ठेवलेली, आणि ते फोल्डर क्रॉनच्या पाथमध्ये नव्हतं.