शेंगाचटणी कुठल्या बॅगेत टाकायची? सोलापूरहून पहिल्यांदा विमानाने निघताना

परवा मावशीचा फोन आला, "अरे ते विमानात शेंगाचटणी नेऊ देतेत का रे, का काढून घेतेत?" मावसभाऊ बंगळुरात असतो, त्याच्याकडे निघाली होती. तिला उत्तर दिलं तोवर शेजारच्या काकांचा प्रश्न, आधारकार्ड ओरिजिनल लागतं का मोबाईलवर चालतं. मी काय विमान कंपनीत कामाला नाही, पण वर्षातून चार-पाच वेळा उडतो म्हणून आमच्या गल्लीत मीच चौकशी खिडकी झालोय. म्हणलं एकदाच सगळं लिहून टाकावं, म्हणजे पुढच्या वेळी लिंक पाठवून मोकळा. एक आधीच सांगतो, विमानात बसल्यावर काहीच अवघड नसतं हो, जे काय वांधे होतात ते सगळे जमिनीवर होतात, आणि त्यातले निम्मे नावामुळे आणि निम्मे बॅगेमुळे.

आधी विमान कुठनं पकडायचं ते. विमानांच्या आड येणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ ला पाडली, मग ९ जून २०२५ ला होटगी रोडच्या सोलापूर विमानतळावरनं गोव्याचं विमान सुटलं आणि १५ ऑक्टोबर २०२५ ला मुंबईचं. तेव्हा घरबसल्या सोय झालीय, फक्त वार आणि वेळ बदलत असतात, म्हणून तिकीट काढायच्या आधी कंपनीच्या साईटवर टाइमटेबल बघा, कुणाच्या व्हॉट्सॲप फॉरवर्डवर जाऊ नका. लांबच्या ठिकाणाला मात्र अजून पुणे नाहीतर हैदराबाद धरावं लागतं. पुण्याला कारने जाणार असाल तर भिगवणला मासे खायला थांबा, माझी ना नाही, पण हडपसरचं ट्रॅफिक डोक्यात ठेवून थांबा. रेल्वेने गेलात तर पुणे स्टेशन ते लोहगावचा विमानतळ वेगळा रिक्षाप्रवास आहे, आणि हैदराबादचा विमानतळ शहरात नाही, शमशाबादला आहे, बस तुम्हाला शहरात सोडते.

आणि शहराचं नाव बघून तिकीट काढू नका, विमानतळाचा कोड बघा. सोलापूरचा एसएसई. मुंबईचे आता दोन आहेत, जुना बीओएम आणि २५ डिसेंबर २०२५ ला सुरू झालेला नवी मुंबईचा एनएमआय. तुम्हाला अंधेरीला जायचंय आणि उतरलात उलव्याला तर टॅक्सीवाल्याची दिवाळी. गोव्याचंही तसंच, सोलापूरचं विमान मोपाच्या विमानतळावर उतरतं, ते वर उत्तरेला पेडण्याच्या बाजूला. हॉटेल खाली दक्षिणेत कोलव्याला बुक केलं असेल तर उतरल्यावर बराच प्रवास बाकी असतो, जुन्या दाबोळी विमानतळाच्या हिशोबाने गाडी सांगू नका.

आता नाव. हे नीट वाचा, कारण इथंच सगळ्यात जास्त लोक अडकतात. आपल्याकडे माणसाची तीन नावं, त्यात बायकांची लग्नाआधीची वेगळी, पॅनवर एक आणि आधारवर दुसरं. नियम सोपा आहे, जे ओळखपत्र गेटवर दाखवणार तेच समोर ठेवून त्यावरचं नाव आणि आडनाव स्पेलिंगसकट तिकिटावर टाकायचं. मधलं वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव नसलं तरी सहसा कोणी अडवत नाही, पण आडनावच वेगळं असलं की अडचण. माझ्या एका मित्राने वडिलांचं तिकीट काढलं आणि नाव टाकलं अण्णा, का तर मोबाईलमध्ये नंबर तसाच सेव्ह होता. आधारवर भलतंच नाव. नशीब तिकीट कंपनीच्याच साईटवरनं काढलं होतं आणि त्याच रात्री लक्षात आलं, बुकिंगपासून २४ तासात त्याच माणसाच्या नावातली चूक सांगितली तर कंपनीला पैसे लावता येत नाहीत. एजंटकडनं किंवा दुसऱ्या ॲपवरनं काढलं की मग हाच फोन तू कर, तोच फोन मी करतो असा खेळ सुरू होतो. म्हणून तिकीट आलं की पैसे कापल्याचा मेसेज बघण्याआधी नाव बघा. आणि एकाचं तिकीट दुसऱ्याच्या नावावर होत नाही हां, "मी नाही जात, माझ्याऐवजी मेहुणा जाईल" हे एसटीत चालतं.

ओळखपत्र कुठलं? आधार, मतदान कार्ड, लायसन्स, पॅन, पासपोर्ट, यातलं काहीही एक. मोबाईलवर चालतं, पण डिजिलॉकर किंवा एमआधार ॲपमधलं, गॅलरीतला फोटो दाखवला की परत पाठवू शकतात. आमच्या काकांना म्हणलं, काका तुम्ही कार्डच खिशात ठेवा, ऐनवेळी चार्जिंग संपलं तर काय करणार. लहान लेकरं आईबापासोबत असली तर त्यांना वेगळं ओळखपत्र लागत नाही, मात्र २ वर्षांच्या आतलं बाळ मांडीवर घेऊन न्यायचं असेल तर जन्मदाखला ठेवा, वय दाखवावं लागतं. २ पूर्ण झाली की पूर्ण सीट.

बॅग. देशातल्या विमानात साधारण ७ किलोची एक हातातली आणि १५ किलो चेक-इनला, म्हणजे काउंटरवर देऊन टाकायची ती. कंपनीप्रमाणे आणि तिकिटाप्रमाणे फरक पडतो, तिकिटावर लिहिलेलं असतं. घरी वजनकाट्यावर आधी तुम्ही एकटे उभं राहा, मग बॅग घेऊन उभं राहा, वजाबाकी करा, झालं. पाहुण्यांना द्यायला दोन-तीन सोलापुरी चादरी घातल्या की काटा कसा पळतो ते कळेल. काउंटरवर जास्तीच्या प्रत्येक किलोला पैसे घेतात आणि ते चांगलेच घेतात, जास्त होणारच असेल तर आधी ऑनलाईन घेतलेलं स्वस्त पडतं. गोव्याच्या मार्गावर फ्लाय९१ कंपनीचं एटीआर, म्हणजे बाहेर पंखे असलेलं छोटं विमान आहे, त्यात डोक्यावरचा कप्पा बारका असतो, मोठी कडक ट्रॉली त्यात बसत नाही, मऊ बॅग घ्या.

आता मावशीचा प्रश्न. चटणी चेक-इनच्या बॅगेत टाका. लाल तिखटाची भुकटी म्हणून हातातल्या बॅगेत अडवू शकतात, आणि तिथं तुम्ही कितीही सांगा की साहेब शेंगाचटणी आहे, सोलापूरची फेमस आहे, समोरचा बिहारचा नाहीतर केरळचा असतो. कडक भाकरी हातात न्या बिनधास्त, चेक-इनमध्ये तिचा चुरा होतो. लोणचं, तूप, तेल चेक-इनलाच, डबा घट्ट, वर दोन पिशव्या, नाहीतर सगळ्या साड्यांना खमंग वास. सुकं खोबरं मात्र कुठंच टाकू नका! तुळजापूर, अक्कलकोटहून प्रसादाच्या वाट्या घेऊन निघतात लोक आणि तिथं काढून ठेवावं लागलं की वाईट वाटतं. त्यात तेल भरपूर असल्याने ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं असं जगभर धरलं जातं म्हणून बंदी, त्यात देवाधर्माचा काही संबंध नाही. प्रसाद म्हणून पेढे न्या.

पॉवर बँकचं बरोब्बर उलटं, ती हातातल्याच बॅगेत पाहिजे. लिथियमच्या बॅटरीला आग लागली तर वर माणसं बघून विझवू शकतात, खाली सामानाच्या पोटात कोण बघणार, म्हणून. १०० वॅट-अवरपर्यंत (बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) परवानगी लागत नाही, आपली नेहमीची २०००० एमएएचची साधारण ७४ वॅट-अवर भरते, म्हणजे चालते. विमानात तिने मोबाईल चार्ज करत बसू नका. चेक-इनच्या बॅगेत विसरलात तर बॅग बाजूला काढतात, तुम्हाला बोलावून घेतात, आणि तोवर तुमचा जीव टांगणीला. लायटर, काडेपेटी कशातच नको. आमच्या काकांच्या चंचीतनं अडकित्ता निघाला होता सिक्युरिटीला, पितळी, आजोबांच्या वेळचा. मशीनवर बसलेली मुलगी तो उलटासुलटा करून बघत होती, हे नेमकं काय आहे म्हणून. वेळ होता म्हणून परत काउंटरला जाऊन चेक-इनच्या बॅगेत टाकून आलो, नाहीतर गेलाच होता. तेव्हा अडकित्ता, सुरी, कात्री घरातनं निघतानाच मोठ्या बॅगेत. सोनं, औषधं, कागदपत्रं, घराच्या किल्ल्या, हे कायम हातात.

वेळेचं गणित रेल्वेसारखं नाही. गाडी सुटता सुटता पळत डबा पकडणारे आपण लोक, इथं काउंटर साधारण ६० मिनिटं आधी बंद होतो आणि गेट २५ मिनिटं आधी, विमान समोर काचेतनं दिसत असलं तरी आत सोडत नाहीत. मोठ्या विमानतळावर २ तास आधी पोचा. वेब चेक-इन, म्हणजे ऑनलाईन हजेरी लावून बोर्डिंग पास घेणं, घरनंच करा, बहुतेकांचं ४८ तास आधी उघडतं. त्यात सीट निवडा म्हणून पैसे मागतात तेव्हा घाबरू नका, फुकटची सीट मिळते, फक्त कुठली ते नशीब. तसंही एटीआर आणि मुंबई मार्गावरचं स्टार एअर कंपनीचं एम्ब्रेअर विमान, दोन्हीत दोन-दोनच सीटा असतात, मधे चेंगरून बसायची भानगडच नाही.

आत गेल्यावर क्रम असा, दारात तिकीट आणि ओळखपत्र, मग काउंटरवर मोठी बॅग द्यायची आणि तिची चिकटपट्टीची पावती जपायची, मग सिक्युरिटी, मग गेट. सिक्युरिटीला मोबाईल, लॅपटॉप, पॉवर बँक, पट्टा, चिल्लर सगळं ट्रेमध्ये, आणि पलीकडे गेल्यावर ट्रेमधलं सगळं परत घेतलं का ते मोजा. बायकांची तपासणी पडद्याआड बाईच करते. पुणे, हैदराबादला डिजियात्रा आहे, चेहरा दाखवून लाईन लवकर सरकते, पण ती ऐच्छिक आहे, नको असेल तर साध्या लाईनने जा. आईवडिलांना गुडघ्याचा त्रास असेल तर व्हीलचेअर तिकीट काढतानाच किंवा निदान ४८ तास आधी सांगून ठेवा, त्यात लाजण्यासारखं काय नाही, हैदराबादला चालून चालून चांगला माणूस दमतो.

मुंबईला उतरून पुढचं विमान पकडायचं असेल तर हे बघा, दोन्ही एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग नंबरवर असतील तर एक चुकलं तरी पुढची जबाबदारी कंपनीची आणि बॅगही बहुतेक वेळा थेट जाते. वेगवेगळी तिकिटं काढली तर बॅग उतरवून घ्यायची, टर्मिनल १ का २ ते बघायचं, परत काउंटर, परत सिक्युरिटी. मी मधे किमान ४ तास ठेवतो, लोक हसतात, हसू दे.

आत बसल्यावरचे प्रश्न थोडक्यात. कान दुखतात कारण आतला हवेचा दाब बदलतो, चढताना उतरताना गोळी चघळा, बाळाला दूध पाजा. एटीआरचा पंखा बाहेर फिरताना दिसतो म्हणून आमच्या वहिनींनी रामरक्षा सुरू केली होती, पण आत जेटसारखंच इंजिन असतं, ते पंखा फिरवतं, जवळच्या अंतराला त्यात इंधन कमी लागतं. पुण्याहून एअरबसच्या मोठ्या विमानात बसलात आणि खालून कुत्रं भुंकल्यासारखा नाहीतर करवत चालल्यासारखा आवाज आला तर काही मोडलेलं नाही, तो हायड्रॉलिकचा पंप असतो. खिडकीची झडप उतरताना उघडी ठेवायला सांगतात ती नजारा बघायला नाही, काही झालं तर बाहेर आग आहे का काय ते दिसावं म्हणून.

उशीर झाला, कॅन्सल झालं तर? गप बसू नका. छोट्या प्रवासाला २ तासांच्या वर उशीर असेल तर चहा-नाष्टा मागायचा हक्क आहे, ६ तासांच्या वर जाणार असेल तर दुसरं विमान नाहीतर पूर्ण पैसे परत, निवड तुमची. जागेपेक्षा जास्त तिकिटं विकून तुम्हाला उतरवलं आणि तासाभरात दुसरी सोय केली नाही तर भरपाई मिळते, २४ तासात पाठवलं तर जास्तीत जास्त १०००० रुपये आणि त्यापुढे गेलं तर २०००० पर्यंत. धुकं, वादळ, संप असलं काही कारण असेल तर भरपाई नाही, पण पैसे परत किंवा दुसरं विमान तरी मिळतंच. काउंटरवर कोणी ऐकत नसेल तर एअरसेवा म्हणून सरकारी ॲप आहे, त्यावर पीएनआर टाकून तक्रार करा. आणि एक जे कुणीच सांगत नाही, तिकीट तुम्हीच रद्द केलं किंवा विमान चुकलं आणि नॉन-रिफंडेबल असलं तरी त्यातले विमानतळाचे कर, यूडीएफ (विमानतळ वापरायची फी) वगैरे, परत मिळतात. मागावे लागतात फक्त, न मागता सहसा येत नाहीत.

उतरल्यावर पट्ट्यावर सगळ्या बॅगा काळ्या. मी माझ्या हँडलला जुन्या सोलापुरी टॉवेलची पट्टी बांधतो, लांबनं ओळखू येते. बॅग आलीच नाही किंवा चाक तुटलं असेल तर विमानतळाच्या बाहेर पडायच्या आत कंपनीच्या डेस्कवर पीआयआर नावाचा बॅगेच्या तक्रारीचा फॉर्म भरून घ्या, त्याची प्रत घ्या, फोटो काढा. घरी जाऊन फोन केला की "सर तुम्ही तेव्हाच सांगायला पाहिजे होतं" एवढंच ऐकायला मिळतं, मला मिळालंय, चाक स्वतःच्या पैशाने बसवलं.