बायोइंजिनिअरिंगमध्ये पीएचडी करायची आहे? परवानग्यांचा विचार पहिल्याच वर्षी करा

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षातली मुलं-मुली मला पात्रतेबद्दल विचारतात, तेव्हा आधी त्यांची एक भीती काढावी लागते. बायोलॉजी बारावीला सोडलं म्हणून हा रस्ता बंद होत नाही. मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स, केमिकल, फार्मसी, एमएस्सी, एमबीबीएस अशा सगळ्या वाटांनी लोक इथे येतात. आयआयटींमध्ये चांगला गेट (इंजिनिअरिंगची राष्ट्रीय परीक्षा) स्कोअर असेल तर बीई किंवा बीटेकनंतर थेट पीएचडीला अर्ज करता येतो. गेटमध्ये 2020 पासून बायोमेडिकल इंजिनिअरिंगचा स्वतंत्र पेपर आहे, तरी मूळ शाखेचा पेपर दिलेलेही बरेच जण निवडले जातात. दुसरी वाट सीएसआयआर-यूजीसी नेट, डीबीटी (केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग) किंवा आयसीएमआरच्या (वैद्यकीय संशोधन परिषद) जेआरएफची, म्हणजे ज्युनिअर रिसर्च फेलोशिपची. विद्यापीठांसाठी यूजीसीचे 2022 चे नियम लागू आहेत आणि त्यांत चार वर्षांच्या पदवीला 75 टक्के असतील तर मास्टर्सशिवायही प्रवेशाची सोय आहे. आयआयटी, आयआयएससी यांचे नियम त्यांचे स्वतःचे असतात, म्हणून जाहिरातीसोबतचं माहितीपत्रक शेवटच्या पानापर्यंत वाचा.

जानेवारी 2023 पासून जेआरएफला महिना 37,000 आणि एसआरएफला (पुढच्या टप्प्याची सीनिअर फेलोशिप) 42,000 रुपये मिळतात, घरभाडं वेगळं. ही फेलोशिप साधारण पाच वर्षांची असते. वेळेचं गणित मांडताना हाच आकडा डोळ्यांसमोर ठेवा.

मुलाखतीत नव्या बायोलॉजीची घोकंपट्टी करून गेलात तर फार उपयोग होत नाही. तुम्ही जे शिकलात तेच जिवंत शरीराला लावून दाखवा, अशी अपेक्षा असते. मेकॅनिकलच्या उमेदवाराला धमनीचा स्ट्रेस-स्ट्रेन आलेख (भार वाढवला की ती किती ताणते ते) काढायला सांगतात. धमनी थोडी ताणली की सहज ताणली जाते आणि पुढे एकदम ताठर होते. सुरुवातीचा ताण इलास्टिन हे लवचीक प्रथिन पेलतं. नागमोडी पडलेले कोलॅजन या ताठर प्रथिनाचे धागे सरळ झाले की भार त्यांच्यावर येतो. हे उत्तर पाठ असायलाच हवं असं नाही, पण आलेख सरळ रेषेत का जात नाही यावर फळ्यासमोर उभं राहून विचार करता आला पाहिजे.

कोर्सवर्कला बरेच जण घाबरतात, माझ्या मते विनाकारण. यूजीसीच्या नियमांत किमान 12 क्रेडिट्स आहेत, त्यात रिसर्च अँड पब्लिकेशन एथिक्स आलंच. आयआयटीत बीटेकवाल्यांना जास्त आणि एमटेकवाल्यांना कमी कोर्स करावे लागतात. सोपे ग्रेड मिळतील असे विषय घेऊ नका, कच्चे आहेत ते घ्या. इंजिनिअर असाल तर सेल बायोलॉजी, बायोलॉजीकडून आला असाल तर ट्रान्सपोर्ट (उष्णता, द्रव, पदार्थ कसे वाहतात) किंवा सिग्नल प्रोसेसिंग. स्टॅटिस्टिक्स मात्र सगळ्यांनीच.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला घेतलं ते. प्रॉस्पेक्टसमध्ये क्वालिफायर (पात्रता परीक्षा), दरवर्षीचं प्रोग्रेस सेमिनार, सिनॉप्सिस (थीसिसचा सारांश) हे सगळं असतं. परवानग्यांना किती महिने जातात ते नसतं, आणि आपल्या शाखेत वेळ खाते ती तीच गोष्ट. उंदरांवर काम करायचं असेल तर संस्थेच्या अॅनिमल एथिक्स कमिटीकडे फॉर्म बी (प्राण्यांवरच्या प्रयोगाच्या परवानगीचा अर्ज) भरावा लागतो. किती प्राणी, का तेवढेच, वेदना कमी कशी करणार, प्राण्यांशिवाय हा प्रयोग का होत नाही, या सगळ्याची उत्तरं त्यात लागतात. जनुकीय बदल केलेल्या पेशी किंवा व्हायरल व्हेक्टर (पेशीत जनुक पोचवायला वापरलेला विषाणू) असेल तर बायोसेफ्टी कमिटी वेगळी. रुग्णाचं रक्त किंवा शस्त्रक्रियेत काढलेला तुकडा हवा असेल तर मानवी संशोधनाची एथिक्स कमिटी, आणि नमुना हॉस्पिटलमधून येणार असेल तर त्यांची कमिटीही. संमतिपत्र रुग्णाला समजेल अशा भाषेत हवं, म्हणजे मुंबईत मराठी आणि हिंदी दोन्ही. या कमिट्या रोज बसत नाहीत. एक शंका निघाली की अर्ज पुढच्या बैठकीवर जातो.

म्हणून कोर्सवर्क चालू असतानाच अर्जाचा मसुदा गाईडसमोर ठेवा. परवानगी येईपर्यंत पुण्याच्या एनसीसीएस या पेशीविज्ञान संस्थेतून मागवलेल्या तयार सेल लाइनवर (लॅबमध्ये वाढवत राहता येणाऱ्या पेशी) हात बसवता येतो, पद्धत पक्की करता येते. आयआयटी बॉम्बे आणि टाटा मेमोरियल यांच्या सहकार्यातून उभी राहिलेली नेक्सकार19 ही कर्करोगावरची कार-टी उपचारपद्धती ऑक्टोबर 2023 मध्ये मंजूर झाली. रुग्णाच्याच टी-पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) काढून, त्या बदलून परत द्यायच्या, अशा कामात लॅब, हॉस्पिटल आणि कमिट्या सुरुवातीपासून एकत्र असाव्याच लागतात.

दरवर्षी समितीसमोर काम मांडताना एक प्रश्न हमखास येतो: "n किती?", म्हणजे स्वतंत्र नमुने किती. सेन्सरमधून सेकंदाला हजार रीडिंग घेणाऱ्या इंजिनिअरला तो नीट समजावून घ्यावा लागतो. एका फ्लास्कमधल्या पेशी तीन वेलमध्ये (प्लेटवरच्या खळग्यांत) टाकून तीन आकडे मिळाले, तरी n एकच. वेगळ्या दिवशी, वेगळ्या पॅसेजच्या (नव्या भांड्यात वाढवण्याच्या वेगळ्या फेरीतल्या) पेशी घेऊन तोच प्रयोग पुन्हा केला तर तो दुसरा. रुग्णांच्या बाबतीत एक रुग्ण म्हणजे एक n, त्याच्या ऊतीचे दहा काप केले तरी. प्रयोगाच्या आधी हे ठरवलं तर वर्ष वाचतं, कारण कमिटीकडे मागायची प्राण्यांची किंवा रुग्णांची संख्याही यातूनच निघते.

थीसिस जमा करण्याआधी पेपर छापून आलाच पाहिजे, ही सक्ती यूजीसीने 2022 मध्ये काढली. तरी संस्थेची किंवा विभागाची स्वतःची अट असू शकते, ती प्रवेश घेतानाच विचारा. थीसिस किमान दोन बाहेरच्या परीक्षकांकडे जातो, मग व्हायवा. यूजीसीच्या नियमांत किमान तीन आणि कमाल सहा वर्षं आहेत. महिलांना आणि 40 टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना दोन वर्षं वाढीव मिळू शकतात. महिलांना मातृत्व किंवा बालसंगोपनासाठी 240 दिवसांपर्यंत रजाही आहे. घरून "लग्नाचं काय" असं विचारलं जाणाऱ्या मुलींनी हा नियम नंबरासकट माहीत करून ठेवावा.

गाईड निवडताना त्यांच्या पेपरांची यादी बघाच, पण त्याच लॅबमधल्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना जेवणाच्या वेळी गाठून बोला. एथिक्सची मंजुरी आत्ता कोणत्या कामासाठी हातात आहे, हॉस्पिटलमधले डॉक्टर फोन उचलतात का, उणे 80 चा फ्रीजर बंद पडला तर नमुने कुठे हलवतात, हे सरळ विचारा. उत्तरं चटकन मिळाली तर त्या लॅबला अर्ज करा.