गॅस सिलिंडरचा वायरलेस मॉनिटर बनवताय? या चुका टाळा

सिलिंडरमध्ये गॅस किती उरलाय ते मोबाइलवर दिसावं, यासाठी फार काही लागत नाही: ५० किलोचे चार लोड सेल (वजन मोजणारे सेन्सर), त्यांचं रीडिंग बोर्डाला वाचता येईल असं करणारं एचएक्स७११ मॉड्यूल, वायफायचा ईएसपी८२६६ बोर्ड आणि सिलिंडर ठेवायला एक भक्कम पाट. कोड नेटवर ढिगाने मिळतो.

प्रेशर गेजच्या नादी मात्र लागू नका. आत एलपीजी द्रवरूपात असतो आणि तळाशी थोडा जरी द्रव असेल तोवर वाफेचा दाब जवळपास तेवढाच राहतो. तो बदलतो तापमानाने. भरलेला असो की संपत आलेला, काटा एकाच जागी. शिवाय व्हॉल्व्ह आणि रेग्युलेटरच्या मध्ये काही घुसवणं म्हणजे विषाची परीक्षा. वजनच मोजा.

रीडिंग हलतच नसेल तर आधी पाट उलटा करून बघा. हे लोड सेल बरेच जण सपाट चिकटवून टाकतात. बाहेरची चौकट टेकलेली हवी आणि मधला भाग वाकायला मोकळा. वायरच्या रंगांवरही विसंबू नका, ते बदलतात. मल्टिमीटर लावा: सेलच्या तीनपैकी ज्या दोन वायरींत साधारण २ किलोओहम दिसेल त्या टोकाच्या, उरलेली मधली.

सगळ्यात जास्त डोकं खाणारी चूक वेगळीच आहे. बॅटरी वाचवायला बोर्ड डीप स्लीपमध्ये, म्हणजे गाढ झोपेत टाकला जातो. जागा होताना तो रीसेट होतो आणि प्रोग्रॅम पहिल्यापासून चालतो. उदाहरणातल्या कोडमध्ये सुरुवातीलाच ‘टेअर’ असतं, म्हणजे पाटावर असेल ते वजन शून्य धरायचं. पाटावर तर भरलेला सिलिंडर! मग मॉनिटर दर वेळी शून्यच दाखवणार. रिकाम्या पाटाचं रीडिंग एकदाच घ्या, बोर्डाच्या फ्लॅश मेमरीत साठवा आणि टेअरची ओळ काढून टाका. (बोर्डावरच्या डी० आणि आरएसटी पिना वायरने जोडल्या नसतील तर बोर्ड झोपतो तो उठतच नाही. कोड अपलोड होत नसेल तर तीच वायर काढून बघा.)

रिकाम्या टाकीचं वजन १५ किलो असं ठोकून देऊ नका. ते प्रत्येक सिलिंडरवर वेगळं कोरलेलं असतं, त्यामुळे टाकी बदलली की नवा आकडा भरावा लागतो. भरलेल्या घरगुती सिलिंडरमध्ये गॅस १४.२ किलो. कॅलिब्रेशन, म्हणजे रीडिंग खऱ्या वजनाशी जुळवणं, किलोभर साखरेच्या पुड्यावर उरकू नका, मोजायचं आहे तीसएक किलो. पाण्याने भरलेला वीस लिटरचा जार काट्यावर तोलून वापरा. गॅसची नळीही ताणलेली नको, तिच्या ओढीने वजन चुकतं.

एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साचतो. तिथे ठिणगी नको, म्हणून बोर्ड, बॅटरी पाटात कोंबू नका. खाली फक्त लोड सेल, बाकीचं ओट्याखालच्या कपाटाबाहेर, उंचावर. रिले (विजेने चालू-बंद होणारा स्विच) तर नकोच. हा मॉनिटर गळती ओळखत नाही. वास आला तर बटणांना हात न लावता रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा आणि बाहेर जाऊन १९०६ ला फोन करा.

वायफायला जोडलं जात नसेल तर राउटर बघा, ईएसपी८२६६ ला फक्त २.४ गिगाहर्ट्झ चालतं.

अलर्ट किती किलोला लावायचा? घरात दुसरी टाकी भरलेली असेल तर एक किलोला चालेल. एकच कनेक्शन असेल तर तीनला लावा, बुकिंग करून टाकी येईपर्यंत स्वयंपाक चालला पाहिजे.