खान्देशच्या उन्हाळ्यात पीपीई घालून काम करताना

परिचर्येच्या अभ्यासक्रमात पीपीई, म्हणजे संसर्गापासून बचाव करणारा पोशाख, मास्क, गॉगल आणि हातमोजे, कोणत्या क्रमाने घालावे आणि काढावे हे शिकवले जाते. मात्र जळगाव, धुळे किंवा भुसावळच्या मे महिन्यात ते अंगावर ठेवून काम कसे निभवावे, हे वॉर्डातच शिकावे लागते. रुग्णालयाच्या संसर्ग नियंत्रणाचे काम मी अनेक उन्हाळे पाहिले आहे. ज्या पोशाखात माणसाला उभे राहवत नाही, त्या पोशाखाची चेन गळ्याशी उघडली जाते, मास्क नाकाखाली येतो आणि गॉगल कपाळावर चढतो, हे मी त्या काळात वारंवार पाहिले. म्हणून पोशाखाची सोय हा सुरक्षिततेचाच प्रश्न आहे, असे धरून मी पुढे लिहीत आहे.

आधी उष्णतेचे गणित समजून घ्यावे. शरीराचे तापमान ३७ अंशांच्या आसपास असते आणि आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत बाहेरचा पारा ४३-४४ अंशांच्या वर जातो. अशा वेळी हवा शरीराला थंड करत नाही, उलट तापवते. शरीराकडे घामाचे बाष्पीभवन एवढा एकच उपाय उरतो आणि खान्देशची कोरडी हवा त्याला एरवी चांगली साथ देते. कव्हरऑल, म्हणजे डोक्यापासून पायांपर्यंत अंग झाकणारे सलग किट, घातले की नेमकी हीच साथ तुटते. बाहेर भुसावळचे ऊन आणि किटच्या आत कोकणातली दमट हवा, अशी अवस्था होते. घाम भरपूर येतो, पण तो सुकत नसल्यामुळे गारवा देत नाही, आणि कूलरचा झोत कापडाच्या बाहेरच राहतो. डोके जड होणे, मळमळ, पोटऱ्यांत गोळे येणे, साध्या डोसाचा हिशेब चुकू लागणे, ही लक्षणे दिसताच सोबतच्या सिस्टरला सांगून बाहेर पडावे. चक्कर येऊन वॉर्डात कोसळणाऱ्या माणसाचे किट इतरांना घाईत फाडून काढावे लागते आणि त्यातून संसर्ग पसरण्याचा धोका वाढतो.

कापडाविषयी स्टोअरमध्ये बरेच गैरसमज ऐकू येतील. जास्त जीएसएमचे, म्हणजे जड कापड अधिक सुरक्षित, हा त्यांपैकी सर्वांत रुजलेला समज आहे. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचे ग्रॅममधले वजन. रक्त आत शिरेल की नाही हे त्यावरून ठरत नाही. साधे पॉलिप्रोपिलीनचे न विणलेले कापड कितीही जाड असले, तरी दाबाखाली द्रव आत सोडू शकते. त्यावर प्लास्टिकचा सलग पापुद्रा चढवला की द्रव थांबतो, पण वाफही कोंडते. सूक्ष्म छिद्रांचा पापुद्रा द्रव अडवून थोडी वाफ बाहेर सोडतो, म्हणून निवड करता येत असेल तर तोच मागावा. कापडावर पाण्याचे थेंब टाकून ‘पास’ ठरवण्याची पद्धत निरुपयोगी आहे, कारण पाण्याचा पृष्ठताण रक्तापेक्षा जास्त असतो आणि ज्या कापडावर पाणी मोत्यासारखे थांबते, त्यातून रक्त झिरपू शकते. याच कारणाने प्रयोगशाळेत कृत्रिम रक्त दाबाखाली लावून चाचणी घेतात. भारतीय मानक ब्युरोने २०२० मध्ये कव्हरऑलसाठी आयएस १७४२३ हे मानक काढले. पाकिटावर ते मानक, बॅच क्रमांक आणि साइज आहे का, हे पाहावे. त्यानंतर किट उलटे करून शिवणी पाहाव्यात, कारण सुईच्या प्रत्येक छिद्रावर आतून टेप बसलेली नसेल तर उत्तम कापडालाही अर्थ उरत नाही.

साइजबद्दल मी थोडी आग्रही आहे. पाच फूट उंचीच्या मुलीला एक्सएल किट देऊन ‘सैल आहे, हवा खेळेल’ असे सांगितले जाते. प्रत्यक्षात पायघोळ कापडात पाय अडकतो आणि बाही हातमोज्यातून सुटते. घातल्यावर दोन्ही हात वर करावेत, कमरेत वाकावे, उकिडवे बसावे. मनगट उघडे पडत असेल किंवा मांड्यांत ताण येत असेल, तर ते किट त्याच वेळी बदलून मागावे. आत सुती, सैल स्क्रब, म्हणजे वॉर्डातला साधा सदरा-पायजमा, घालावा. सुती कापडही घामाने भिजतेच, पण प्लास्टिक थेट कातडीला चिकटत नाही. मंगळसूत्र, बांगड्या, अंगठ्या घरी किंवा लॉकरमध्ये ठेवाव्यात. अंबाडा मानेवर खाली बांधावा, कारण तो उंच असला की एन-९५ मास्कची, म्हणजे हवेतले बारीक कण गाळणाऱ्या घट्ट मास्कची, वरची पट्टी डोक्याच्या माथ्यावर टिकत नाही.

गॉगलवर धुके धरते ही तक्रार सर्वांची असते आणि त्यावर साबणाच्या पाण्यापासून अनेक उपाय सांगितले जातात. माझ्या मते त्या धुक्याकडे आधी निदान म्हणून पाहावे. बहुतेक वेळा मास्कच्या वरच्या कडेतून श्वास निसटत असतो, म्हणजे मास्क नीट बसलेला नसतो. नाकावरची पट्टी एका हाताच्या चिमटीने दाबली तर मधोमध कोन होऊन फट राहते, म्हणून दोन्ही हातांची बोटे मधून कडेकडे दाबत न्यावीत. ब्रदर मंडळींना, म्हणजे पुरुष परिचारकांना, एक सांगणे: दाढी असेल तर एन-९५ चेहऱ्याला चिकटत नाही, त्यामुळे क्षयरोगाच्या वॉर्डात ड्युटी असताना दाढी ठेवू नये. नाकावर व्रण पडू नये म्हणून मास्कखाली जाड कापूस ठेवण्याचीही सवय दिसते, पण त्यानेही फट पडते.

किट घालण्याआधी एकदम लिटरभर पाणी पिऊन उपयोग नसतो, लघवीची अडचण तेवढी वाढते. आदल्या काही तासांत थोडे थोडे पाणी प्यावे, चहा कमी करावा आणि बाहेर आल्यावर ओआरएस घ्यावे. मासिक पाळीच्या दिवसांत कमी वेळाची ड्युटी इंचार्ज सिस्टरकडे स्पष्टपणे मागावी. त्यात संकोच करण्यासारखे काही नाही.

मास्कमधून आवाज दबतो आणि चेहरा दिसत नाही. सातपुड्यातून आलेल्या पावरा किंवा भिल्ल आजीला तुम्ही कोण आहात हेच कळत नाही. छातीवर मार्करने मोठ्या अक्षरांत नाव लिहावे, समोर बसून सावकाश बोलावे. अहिराणी बोलणाऱ्या रुग्णाला ‘काय व्हयनं, माय?’ एवढे विचारले तरी तो पुढचे आपणहून सांगू लागतो.

किट काढताना सर्वाधिक काळजी लागते, आणि उकाड्याने जीव कासावीस झालेला असल्यामुळे घाईही नेमकी तेव्हाच होते. तिथे आरसा, बसायला स्टूल आणि क्रम मोठ्याने सांगणारा सहकारी असावा. हातमोज्यांवर टेप गुंडाळायचीच असेल तर तिचे टोक दुमडून ठेवावे, नाहीतर शेवटी ती ओरबाडून काढावी लागते. आधी हातमोजे, मग गॉगल, मग गाऊन किंवा कव्हरऑल बाहेरची बाजू आत गुंडाळत, आणि खोलीच्या बाहेर आल्यावर सर्वांत शेवटी मास्क. मध्ये मध्ये हात स्वच्छ करावेत. गॉगल, फेस शील्ड, नायट्राइल हातमोजे कचऱ्याच्या लाल पिशवीत जातात. मास्क, टोपी आणि शू-कव्हर पिवळ्या पिशवीत. पिशव्या उचलणाऱ्या मावशी आणि मामांनाही हेच प्रशिक्षण मिळाले आहे का, हे विचारावे. बहुतेक ठिकाणी ते राहून गेलेले असते.

कव्हरऑल रोज लागत नाही, हे नवख्यांना सांगावे लागते. क्षयरोगाच्या वॉर्डात एन-९५ महत्त्वाचा, प्रसूतिकक्षात जलरोधक ॲप्रन, बूट आणि डोळ्यांचे संरक्षण महत्त्वाचे, तर बऱ्याच कामांना गाऊन आणि हातमोजे पुरतात. गाऊन काढायला सोपा असतो आणि अंगही कमी तापते. भीतीपोटी गरजेपेक्षा जास्त चढवलेला थर उन्हाळ्यात तासाभरातच त्रास देऊ लागतो.

किटची शिवण उसवली, चेन अडकली, लहान साइज संपली, तर तोंडी तक्रार करून थांबू नये. बॅच क्रमांक, काम कोणते होते आणि किती वेळाने काय बिघडले, हे ड्युटीच्या वहीत लिहून इंचार्जची सही घ्यावी आणि पुढच्या इंडेंटमध्ये, म्हणजे स्टोअरकडच्या मागणीपत्रात, साइजनुसार वेगवेगळी संख्या मागावी. खरेदी ठरवणारी माणसे बहुधा किट घालत नाहीत, त्यामुळे त्यांच्यापर्यंत पोहोचते ते असे लेखी टिपणच.